लंडनचा पाहुणा, नाशिकचा रहिवासी

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांचे नाव घेतले की 'राजा हरिश्चंद्र' आठवतो, ३ मे १९१३ हा दिवस आठवतो आणि गिरगावातले कॉरोनेशन थिएटर आठवते. त्या दिवसाच्या आधी एका परक्या शहरात त्यांनी काढलेल्या काही आठवड्यांचा विचार मात्र क्वचितच होतो. वयाच्या बेचाळिशीकडे झुकलेला, आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून निघालेला हा गृहस्थ लंडनमध्ये कोणालाच ओळखत नव्हता. तेथून तो रिकाम्या हाताने परतला असता तर कर्ज उरले असते आणि घरी वाट पाहणाऱ्या बायकामुलांच्या पदरी निराशा आली असती.

नव्या गावात बिऱ्हाड मांडणे हे फाळके यांच्या आयुष्यात वारंवार घडत आले. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी, शास्त्र्यांच्या घरात झाला. वडील दाजीशास्त्री यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याचे काम मिळाले आणि ब्रह्मगिरीच्या पायथ्याचे हे कुटुंब मुंबईत आले. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे थोरल्या भावाबरोबर ते बडोद्यास गेले. तेथील कलाभवनात प्रा. गज्जर यांच्या देखरेखीखाली त्यांनी छायाचित्रण आणि छपाईच्या नाना प्रक्रिया हाताखालून घातल्या. त्यानंतर गोध्र्यात फोटो स्टुडिओ थाटला; पण प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दगावले आणि ते गाव सुटले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. पुरातत्त्व खात्यातील नोकरी त्यांनी स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली, लोणावळ्यात छापखाना काढला, मग तो दादरला आणला. १९०९ मध्ये छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीची वारीही झाली. धंदा भरभराटीला आला असतानाच भागीदारांशी बिनसले आणि फाळके छापखान्यातून बाहेर पडले.

अशा रिकामपणात गिरगावातल्या एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावरच्या ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले आणि हेच आपले पुढचे कार्य, असा निश्चय झाला. त्यानंतर रोज चार-पाच तास चित्रपट पाहणे, उरलेल्या वेळात प्रयोग करणे आणि जेमतेम तीन तास झोप, असा क्रम सुरू झाला. डोळे बिघडले आणि काही काळ दृष्टीच गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली. नातेवाइकांना हे खूळ वाटत होते; सरस्वतीबाई मात्र पाठीशी उभ्या राहिल्या. १२,००० रुपयांच्या विम्यावर १०,००० रुपये उभे करून फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके यांनी बोट धरली.

एप्रिलच्या आरंभी ते मुंबईस परतले. जाण्या-येण्याचा समुद्रप्रवास वजा केला, तर प्रत्यक्ष लंडनमध्ये त्यांना काही आठवडेच मिळाले. नवख्या माणसाला एवढा वेळ रस्ते ओळखीचे होण्यातच लागतो. ऐन थंडीचे दिवस, परकी भाषा, परके जेवण आणि खिशातल्या प्रत्येक पौंडामागे डोक्यावरचे कर्ज. अशा वेळी त्यांना आधार झाला तो मुंबईत वाचलेल्या छापील कागदाचा. 'बायोस्कोप' या सिनेमाविषयक साप्ताहिकाचे ते वाचक होते. पिकॅडिली भागात हिंडताना त्यांना त्याच साप्ताहिकाची पाटी दिसली आणि कोणतीही चिठ्ठीचपाटी नसताना ते सरळ आत शिरले.

संपादक कॅबोर्न यांनी आधी त्यांना परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला. विलायतेतही चित्रपट काढणारे अनेक जण बुडाले होते. मग हिंदुस्थानच्या हवेत, यंत्रे आणि माहितगार माणसे यांच्याविना हा उद्योग कसा टिकणार, अशी त्यांची शंका होती. ती गैर नव्हती. पण समोरचा माणूस छपाई, रसायने आणि छायाचित्रण यांत मुरलेला आहे आणि त्याने या विषयाचे वाचनही कसून केले आहे, हे लक्षात येताच कॅबोर्न यांचा सूर बदलला. कोणता कॅमेरा घ्यावा, कच्ची फिल्म कोणाची घ्यावी, याचा सल्ला त्यांनी दिला आणि सेसिल हेपवर्थ या नामवंत निर्मात्याशी गाठ घालून दिली. लंडनबाहेर थेम्सकाठच्या वॉल्टन गावी हेपवर्थ यांचा स्टुडिओ होता. धंद्याची गुपिते जपण्याच्या त्या काळात हेपवर्थ यांनी या अनोळखी हिंदी माणसाला सर्व विभाग उघडून दाखविले. चित्रण, फिल्म धुणे, छापणे आणि जोडणे ही सारी कामे फाळके यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिली.

परतताना त्यांनी ५० पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेतले आणि कच्च्या फिल्मची मागणी नोंदविली. लंडनमध्ये राजवाडे आणि पूल पाहण्यासारखे पुष्कळ होते. फाळके यांनी आपला वेळ आणि पैसा एका कामापुरताच खर्च केला.

या शिदोरीची कसोटी दादरच्या घरात लागली. कुंडीत रुजणाऱ्या वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी महिनाभर थोडी थोडी टिपली आणि ती चित्रफीत पाहून भांडवल देणारा मिळाला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत आणि रात्री फिल्मला छिद्रे पाडण्याच्या कामालाही बसत. सिनेमात काम करणे कमीपणाचे मानले जाई, म्हणून मंडळींनी बाहेर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत असे सांगावे, अशी युक्ती योजण्यात आली. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली, तर रोहिदासाची भूमिका फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने.

'राजा हरिश्चंद्र' यशस्वी झाला आणि १९१३ मध्येच फाळके यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलविला. मुंबईच्या बाजारापासून दूर जाणे व्यवहाराला धरून नव्हते. पण गोदावरीचे घाट, देवळे, डोंगर आणि मोकळे आकाश असा पौराणिक कथांना साजेसा देखावा तेथे फुकट मिळत होता. येथे 'मोहिनी भस्मासुर' तयार झाला आणि त्यात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांच्या रूपाने पडद्यावर प्रथमच स्त्रिया आल्या.

१९१४ मध्ये फाळके पुन्हा लंडनला गेले, ते आपले तीन चित्रपट घेऊन. दोन वर्षांपूर्वी दार ठोठावणारा नवखा आता निर्माता म्हणून आला होता. खेळ झाले, तांत्रिक बाजूची वाखाणणी झाली आणि तेथेच राहून हिंदी चित्रपट काढावेत, असा प्रस्तावही पुढे आला. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाने तो स्वीकारला असता तर कोणी दोष दिला नसता. परंतु आपला धंदा आपल्या देशात, आपल्या माणसांच्या हातून उभा राहावा, यासाठी हा सारा खटाटोप होता. नाशिकला पगारी माणसे खोळंबली होती. फाळके यांनी नकार दिला. त्याच सुमारास महायुद्ध पेटले. परत येऊन पाहतात तो भांडवलदारांनी हात आखडता घेतलेला आणि कारखाना जवळजवळ बंद. त्या नकाराची किंमत त्यांना पुढे दोन-तीन वर्षे मोजावी लागली. १९१७ च्या 'लंकादहन'ने गाडे पुन्हा रुळावर आणले. साळुंके यांनीच त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या.

१९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली, मग भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके वैतागून काशीस निघून गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. पण काशीतही ते रमले नाहीत. पावले नाशिककडेच वळली. बोलपटांनी त्यांचा काळ मागे टाकला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच, बऱ्याच अंशी विस्मृतीत, त्यांचे निधन झाले.

आज पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे आणि चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च शासकीय पुरस्कार १९६९ पासून त्यांच्या नावाने दिला जातो. परदेशी शिकायला जाणारे नाशिककर आता घरोघरी आहेत; परतावे की तेथेच राहावे, हा प्रश्नही घरोघरी आहे. फाळके यांनी तो १९१४ मध्ये सोडविला. त्यांचे उत्तर तोट्याचे ठरले, पण त्या तोट्यावरच एका देशाचा चित्रपट उभा राहिला.