जानकी अम्माळ

चेन्नई शहराच्या पश्चिमेस मदुरवायल नावाचे ठिकाण आहे. मद्रास विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र केंद्राची क्षेत्रीय प्रयोगशाळा तेथे होती. १९७० साली सत्तरी ओलांडलेल्या एक विदुषी तेथे कामास आल्या. सरकारी सेवेतून त्या निवृत्त झाल्या होत्या, परंतु संशोधनातून निवृत्त होण्याची त्यांची तयारी नव्हती. एडवलेथ कक्कट जानकी अम्माळ हे त्यांचे नाव. निसर्गात नवनव्या जातींच्या वनस्पती कशा निर्माण होतात, हा प्रश्न त्यांनी जन्मभर सोडला नाही.

जानकी अम्माळ यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी मलबार प्रांतातील तेल्लिचेरी येथे झाला. हे गाव आज केरळ राज्यात आहे. त्यांचे वडील न्यायखात्यात अधिकारी होते. त्यांना निसर्गाची आवड होती, आणि घरच्या बागेत ती मुलीमध्येही उतरली. त्या काळी उपवर मुलीचे लग्न ठरविणे हीच घराची मोठी चिंता असे. जानकींच्या बहिणी रीतीप्रमाणे सासरी गेल्या. जानकींनी मात्र मद्रासची वाट धरली. क्वीन मेरी महाविद्यालयात व पुढे प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकून त्यांनी वनस्पतिशास्त्राची पदवी मिळविली. मद्रासमधीलच विमेन्स ख्रिश्चन महाविद्यालयात त्या शिकवू लागल्या. बार्बर शिष्यवृत्ती मिळाल्यावर त्या अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेल्या व १९३१ साली त्यांनी तेथील डॉक्टरेट संपादन केली.

त्यांचे संशोधन समजण्यासाठी उत्क्रांतीचा विचार थोडक्यात पाहू. एकाच झाडाच्या बियांपासून उगवलेली रोपे हुबेहूब सारखी नसतात. एखादे उंच वाढते, एखादे कमी पाण्यावर तग धरते. बिया पुष्कळ पडतात, परंतु जागा, पाणी व प्रकाश मर्यादित असतो. म्हणून त्या परिस्थितीत जी रोपे टिकतात, त्यांचेच बी पुढे जाते व त्यांचे उपयुक्त गुण पुढील पिढ्यांत वाढत जातात. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. इंग्लंडमधील चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली आपल्या ग्रंथात हा सिद्धांत सविस्तर मांडला. येथे एक गैरसमज टाळावा. झाड आपल्या इच्छेने बदलत नाही. भेद आधी असतात, निवड नंतर होते.

परंतु हे भेद येतात कोठून, याचे समाधानकारक उत्तर डार्विन यांच्यापाशी नव्हते. ते पुढे सजीवांच्या पेशींत सापडले. पेशीच्या केंद्रकात सूक्ष्म धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात आणि आनुवंशिक गुण त्यांच्यामार्फत पुढील पिढीत जातात. माणसाच्या पेशीत ती ४६ असतात. वनस्पतींत कधी कधी गुणसूत्रांचे संचच्या संच वाढतात. दोन जातींचा संकर होऊन असे घडले, तर थोड्याच पिढ्यांत निराळी जात उभी राहू शकते. आपण ज्याची पोळी करतो तो गहू असाच तीन गवतांच्या मिलाफातून आला आहे. जानकी अम्माळ यांचे कार्यक्षेत्र हेच होते.

१९३४ साली त्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात रुजू झाल्या. जाड व गोड ऊस उत्तर भारताच्या हवामानात नीट टिकत नसे. नदीकाठी शरद ऋतूत पांढरे तुरे मिरविणारे काश नावाचे रानगवत मात्र उसाचेच भाऊबंद असून अतिशय काटक असते. या दोहोंच्या संकरातून भारताला सोयीचा ऊस तयार करण्याचे काम त्या केंद्रात चालू होते. जानकींनी सूक्ष्मदर्शकाखाली काशाच्या निरनिराळ्या वाणांची गुणसूत्रे मोजली. उसाचा मक्यासारख्या दूरच्या गवताशीही त्यांनी संकर घडविला. काम मोलाचे होते, पण वाट सोपी नव्हती. त्या अविवाहित होत्या, आणि त्यांचा समाज उच्चवर्णीय मानला जात नसे. या दोन्ही गोष्टींचा जाच त्यांना सोसावा लागला.

१९४० साली, महायुद्ध चालू असताना, त्या लंडनजवळील जॉन इनिस संस्थेत दाखल झाल्या. शहरावर बॉम्ब पडत असतानाही त्यांचे काम थांबले नाही. सिरिल डार्लिंग्टन यांच्यासह त्यांनी लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश सिद्ध केला. तो १९४५ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर विस्ली येथील उद्यानात त्यांनी मॅग्नोलियाच्या रोपांवर कोल्चिसिनचा प्रयोग केला. मॅग्नोलिया म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्या कुळातील झाड. आणि कोल्चिसिन हे विषारी द्रव्य आपल्याकडील कळलावीतही असते. त्याच्या योगाने पेशीचे विभाजन अडते व गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते. निसर्गात जे क्वचित घडते, ते त्यांनी बागेत घडवून आणले. तेथील एका मॅग्नोलियाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

१९५१ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या निमंत्रणावरून त्या मायदेशी परतल्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुनर्रचनेचे काम त्यांच्याकडे आले. याच पुनर्रचनेच्या काळात, १९५५ साली, या संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात सुरू झाले. हिमालयातील वनस्पतींचा अभ्यास करताना त्यांना एक महत्त्वाची गोष्ट आढळली. कोरड्या वायव्य भागापेक्षा दमट ईशान्य भागात गुणसूत्रांचे संच वाढलेल्या वनस्पती अधिक होत्या. तेथे भारताकडील, चीनकडील व मलायाकडील वनस्पती एकत्र येतात, त्यांचे संकर होतात आणि नव्या जातींना वाव मिळतो, असे त्यांनी प्रतिपादिले.

अशा जागा म्हणजे नव्या जातींची जणू पाळणाघरेच. ती एकदा नष्ट झाली, तर निवडीसाठी लागणारे वैविध्यच उरत नाही. म्हणूनच केरळातील सायलेंट व्हॅली या सदाहरित वनात कुंतीपुळा नदीवर धरण बांधून वीज निर्माण करण्याची योजना पुढे आली, तेव्हा वयाची ऐंशी वर्षे उलटलेल्या जानकी अम्माळ त्या विरोधात उभ्या राहिल्या. तेथील झाडे पाण्याखाली जाण्यापूर्वी त्यांच्या गुणसूत्रांची नोंद व्हावी, यासाठीही त्या झटल्या. विजेची गरज खरी होती, त्यामुळे हा वाद बरीच वर्षे चालला. १९७७ साली त्यांना पद्मश्री मिळाली होती. परंतु मदुरवायल येथील त्यांची राहणी अखेरपर्यंत साधीच राहिली.

१९८३ साली सरकारने धरणाची योजना सोडून दिली. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी मदुरवायल येथे जानकी अम्माळ यांचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली.