सभापती वि. स. पागे

सह्याद्रीकडे पाठ करून पूर्वेकडे चालू लागले, म्हणजे पाऊस झपाट्याने कमी होत जातो. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुका याच पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो. आज हा भाग द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु पूर्वी मृग कोरडा गेला की येथील शेतमजुराच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत पडे. त्याच्या अंगात बळ असे, काम करण्याची इच्छा असे; काम मात्र नसे. हे दुःख पुष्कळांनी पाहिले होते. विठ्ठल सखाराम पागे यांनी ते पाहिले आणि त्यावर उपाय सापडेपर्यंत त्याचा पिच्छा सोडला नाही.

पागे यांचा जन्म १९१० साली झाला. गांधीजींच्या विचारांचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला व ते स्वातंत्र्याच्या लढ्यात सामील झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि त्याच वर्षी पागे विधानपरिषदेचे सभापती झाले. १९७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षे, ते पद त्यांच्याकडे होते.

विधानपरिषद हे राज्याच्या विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह होय. विधानसभेचे सदस्य सर्व मतदार थेट निवडून देतात. परिषदेची रचना निराळी आहे. महाराष्ट्राच्या परिषदेत ७८ जागा आहेत. त्यांपैकी ३० विधानसभेचे सदस्य निवडून देतात, २२ नगरपालिका, जिल्हा परिषदा यांसारख्या स्थानिक संस्था निवडतात, ७ पदवीधर आणि ७ शिक्षक निवडतात. उरलेल्या १२ जागांवर साहित्य, कला, शास्त्र, सहकार व समाजसेवा यांतील जाणत्या व्यक्तींची नेमणूक राज्यपाल करतात. हे सभागृह कधी विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात व नवे येतात.

घाईने केलेल्या कायद्याचा दुसऱ्यांदा विचार व्हावा, हा या रचनेचा हेतू. परंतु परिषदेचे हात बरेच बांधलेले आहेत. विधानसभेने मंजूर केलेले साधे विधेयक ती प्रथम तीन महिने व पुन्हा एक महिना, एवढेच रोखून धरू शकते. धनविधेयक तर चौदा दिवसांतच परत करावे लागते. मग या सभागृहाचा उपयोग काय, असा प्रश्न अनेकदा विचारला गेला आहे, आणि तो अगदीच गैरवाजवी नाही.

सभापतीचे हात तर याहूनही बांधलेले. त्याने सर्व पक्षांना समान लेखावयाचे, वादविवादात पडावयाचे नाही, आणि दोन्ही बाजूंची मते समसमान पडली तरच आपले मत द्यावयाचे. तासगावच्या मजुराची कैफियत कोणताही साधा सदस्य सभागृहात उभा राहून मांडू शकला असता. सभापती पागे यांना ती मोकळीक नव्हती.

म्हणून त्यांनी दुसरा मार्ग धरला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे त्यांनी आपली कल्पना ठेवली. खेड्यातील जो प्रौढ मनुष्य अंगमेहनतीचे काम मागेल, त्याला सरकारने ते दिलेच पाहिजे. आणि ते काम बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते अशा टिकाऊ स्वरूपाचे असावे, अशी ती कल्पना होती. कल्पना सोपी, परंतु तिच्यापायी तिजोरीवर केवढा भार पडेल हे कोणालाच सांगता येईना. तेव्हा प्रत्यक्ष करून पाहणे हाच शहाणपणाचा उपाय होता. १९६५ साली पागे यांच्या प्रेरणेने तासगाव तालुक्यात असा प्रयोग सुरू झाला.

१९७२ साली रोजगार हमी योजना राज्यात जाहीर झाली, आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. विहिरी आटल्या, गुरे चाऱ्यावाचून तडफडू लागली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे राबत होती. स्त्रियाही डोक्यावर पाट्या वाहत, खडी फोडीत. लेकरांना सुकडी मिळे. काम मिळाले म्हणून कितीतरी घरे जगली. परंतु दुष्काळ सरला की असे काम बंद होत असे. ते हक्काचे व्हावयाचे, तर कायदा हवा होता आणि कायद्यामागे पैसा हवा होता.

१९७५ साली नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारातून दरमहा थोडी रक्कम कापली जाऊ लागली व तिच्यातून खेड्यातील मजुराला मजुरी मिळू लागली. पुढे १९७७ साली रोजगार हमीचे विधेयक विधिमंडळापुढे आले. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते मिळालेच पाहिजे, न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात बंधन होते. दोन्ही सभागृहांनी ते एकमताने मंजूर केले. परिषदेचे सभापती त्या वेळी पागे हेच होते. मते समसमान न पडल्यामुळे त्यांना मत देण्याचा प्रसंगच आला नाही.

हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याच्या अंमलबजावणीत पुढे दोष शिरले; कोठे मजुरी वेळेवर मिळेना, तर कोठे हजेरीपटावर खोटी नावे चढली. तरीही कामाची मागणी हा मजुराचा हक्क ठरला, तो ठरलाच. पागे १९९० साली निवर्तले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २००५ साली, संसदेने सर्व भारताच्या ग्रामीण भागासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव तिच्यापुढे होता.