गच्चीवर उन्हाची प्रयोगशाळा मांडणारे जाकोमो चामिचान

गिरणीच्या धुराड्यातून निघणारा कोळशाचा धूर हीच प्रगतीची खूण मानली जायची, त्या काळातली ही गोष्ट. सप्टेंबर १९१२ मध्ये न्यूयॉर्कला उपयोजित रसायनशास्त्राची आठवी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. इटलीहून आलेले एक प्राध्यापक तिथे बोलायला उभे राहिले. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी साठलेलं ऊन, आपण ही शिल्लकच खात बसलोय आणि रोजचं ताजं ऊन मात्र वाया जातंय, असा त्यांच्या भाषणाचा मुद्दा होता. या प्राध्यापकांचं नाव जाकोमो चामिचान.

त्यांचा जन्म १८५७ चा, त्रिएस्त या बंदराच्या शहरातला. घराणं मूळचं आर्मेनियन. शहरात बोलणं बहुतेक इटालियन, आसपासच्या खेड्यांत स्लोव्हेनियन आणि राज्य ऑस्ट्रियाचं! घरात एक भाषा आणि सरकारदरबारी दुसरी, हे काय प्रकरण असतं ते बेळगाव-निपाणीकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. पहिल्या महायुद्धानंतर त्रिएस्त इटलीत आलं, ते पाहायला चामिचान हयात होते.

शिक्षण व्हिएन्नात झालं, डॉक्टरेट १८८० मध्ये जर्मनीतल्या गीसेनला मिळाली. मग रोममध्ये कान्नित्झारो या नामवंत रसायनशास्त्रज्ञांच्या हाताखाली काम केलं, पुढे पादुआत शिकवलं आणि १८८९ पासून अखेरपर्यंत ते बोलोन्याच्या विद्यापीठात राहिले.

खरं काम उभं राहिलं ते बोलोन्यात. उन्हात वाळत घातलेला रंगीत कपडा विटतो, हे आपण रोज बघतो. ते नुसत्या उष्णतेने होत नाही, प्रकाशामुळे होतं. प्रकाश पदार्थाच्या रेणूंची मोडतोड करतो, नवी जुळणीही करतो. हीच करामत हवी तशी घडवता येईल का, हा चामिचान यांचा प्रश्न. जर्मन सहकारी पाउल झिल्बर यांच्यासोबत १९०० च्या सुमारास त्यांनी हे काम नेटाने हाती घेतलं. आपल्याकडे साखरांब्याच्या बरण्या उन्हात ठेवतात, तशा रसायनांनी भरलेल्या काचेच्या नळ्या आणि चंबू त्यांनी संस्थेच्या गच्चीवर मांडले. काही काही प्रयोग महिनोन् महिने चालत. पाऊस आला, धुकं पडलं, की थांबायचं. निळा प्रकाश काम करतो, तांबडा जवळपास नाहीच, हेही त्यांनी तपासून पाहिलं. शेपूच्या बियांच्या तेलात असणारं कार्व्होन उन्हात ठेवल्यावर त्याचा निराळाच पदार्थ होतो, हे त्यांनी १९०८ मध्ये मांडलं. त्या पदार्थाच्या रचनेवर शिक्कामोर्तब व्हायला १९५७ साल उजाडलं.

न्यूयॉर्कच्या भाषणात त्यांनी हिशेबच मांडला होता. तेव्हा युरोप-अमेरिकेत वर्षाला सुमारे १.१ अब्ज टन कोळसा निघायचा. एकट्या सहारा वाळवंटावर एका दिवसात पडणारं ऊन सहा अब्ज टन कोळशाइतकं, असं त्यांचं गणित. ऊन होतंच, अडत होतं ते उत्प्रेरकावर, म्हणजे कॅटॅलिस्टवर. लग्न जुळवणारा मध्यस्थ जसा स्वतः त्या संसारात अडकत नाही, तसा हा पदार्थ न संपता क्रिया घडवून देतो. योग्य उत्प्रेरक मिळाला तर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून मिथेन हे इंधन आणि ऑक्सिजन तयार करता येईल, असं त्यांनी सुचवलं. ओसाड वाळवंटांत काचेच्या नळ्यांची रानं उभी राहतील, कारखाने असतील पण धुराडी नसतील, हे चित्र त्यांनी ११० वर्षांहून आधी रंगवलं.

मग महायुद्ध आलं. इटली आणि जर्मनी एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि चामिचान-झिल्बर जोडी फुटली. २ जानेवारी १९२२ रोजी चामिचान गेले. नोबेलसाठी नाव अनेकदा सुचवलं गेलं, मिळालं नाही. पुढे खनिज तेल स्वस्त आणि मुबलक झालं. उन्हाच्या रसायनाकडे बघायला फुरसत कुणाला?

१९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हे दाखवलं. वर्षभरात तेलाचे भाव भडकले आणि जगभरच्या प्रयोगशाळा या कामाला लागल्या.

आज आपल्या गच्च्यांवर सौर पॅनेल आहेत. पण ते वीज देतात. विमानाचं इंधन, खत, प्लॅस्टिक, औषधं यांना नुसती वीज पुरत नाही, त्यांना पदार्थ लागतो आणि तो आजही बहुतेक तेल, वायू आणि कोळशातून येतो. उन्हापासून थेट इंधन करणारे उत्प्रेरक आहेत, पण काही लवकर निकामी होतात, काही महाग पडतात आणि बहुतेकांच्या हाती उन्हातली थोडीच ऊर्जा लागते. झाडाचं पान हे काम गुपचूप करतं, आपल्याला अजून जमायचंय. बोलोन्याच्या रसायनशास्त्र विभागाला आज चामिचान यांचंच नाव आहे आणि प्रकाशाच्या रसायनावर तिथे अजूनही काम चालू आहे.