वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल, १८९५ – २९ ऑक्टोबर, १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ होते. कर्करोग व कुष्ठरोग या विषयांवरील त्यांचे संशोधन महत्त्वाचे मानले जाते. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

== शिक्षण व कारकीर्द ==
खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी मिळवली. भारतात परतल्यावर त्यांनी मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व पुढे सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले. टाटा स्मारक रुग्णालयात ते प्रयोगशाळा व संशोधन विभागाचे संचालक झाले. मुंबईतील मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा घेणारा त्यांचा निबंध १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक संचालक होते. १९६० ते १९६३ या काळात त्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवले. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले, तसेच राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नेमले.

== कुष्ठरोग व चेतातंतू ==
कुष्ठरोग हा केवळ त्वचेचा विकार नसून मुळात तो चेतातंतूंचा विकार आहे, या विचाराला खानोलकरांच्या संशोधनाने बळ मिळाले. रोगाच्या प्रारंभिक चट्ट्यांतील ऊतींचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून त्यांनी १९५१ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. जंतू त्वचेतील उघड्या चेतातंतूंत शिरतात व त्यांच्या आतून वरच्या दिशेने सरकतात, असे त्यांचे मत होते. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे चेतातंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशी हेच जंतूंचे प्रमुख आश्रयस्थान असल्याचे दिसून आले. त्यामुळे मार्गाविषयीचे त्यांचे मत काहीसे मागे पडले. चेतातंतूंवर दिलेला भर मात्र योग्य ठरला.

१९५८ मध्ये डॉ. कमल रणदिवे व सी. व्ही. बापट यांच्यासह त्यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतींतून एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला. त्यासाठी मानवी गर्भाच्या पाठीच्या कण्यालगतच्या संवेदी चेतागुच्छिकांच्या पेशींचे संवर्धन वापरले होते. हा जंतू प्रत्यक्ष कुष्ठरोगाचा नसून दुसऱ्या मायकोबॅक्टेरियम गटातील असल्याचे नंतर निष्पन्न झाले. तरीही त्यापासून तयार केलेल्या लसीची दक्षिण भारतात चाचणी घेण्यात आली. कुष्ठरोगाचा खरा जंतू कृत्रिम माध्यमात वाढवणे अद्याप साध्य झालेले नाही.

== नंतरचे संशोधन ==
त्याच दशकात रीटा लेव्ही-मोंतालचिनी व स्टॅन्ली कोहेन यांनी चेतावृद्धी घटकाचा शोध लावला. या शोधासाठी त्यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्वचेतील पेशी हा घटक स्रवतात. संवेदी चेतातंतूच्या टोकावरील ट्रकए या ग्राहीला तो चिकटला की पेशीत संदेशांची साखळी सुरू होते. रास–मॅप कायनेज मार्ग प्रामुख्याने तंतूच्या वाढीला चालना देतो, तर पीआय-३ कायनेज–एकेटी मार्ग मुख्यतः पेशी जिवंत ठेवतो. हा संदेश तंतूतून मागे प्रवास करत कण्यालगतच्या पेशीकायेपर्यंत पोहोचतो.

कुष्ठरोगाने बाधित त्वचेत व चेतांमध्ये हा घटक कमी झाल्याचे पुढील अभ्यासांत आढळले. अनुकूल स्थितीत तुटलेला तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढू शकतो. मात्र श्वान पेशींचा आधार नष्ट होऊन तेथे तंतुमय ऊती साचल्यावर वाढीची वाट बंद होते. म्हणूनच औषधाने जंतू मरतात, पण गेलेली संवेदना अनेकदा परतत नाही.

== चंद्रपूर व गडचिरोलीच्या संदर्भात ==
महाराष्ट्रात कुष्ठरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांत चंद्रपूर व गडचिरोली यांची गणना होते. बाबा आमटे यांनी स्थापन केलेले आनंदवन चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे आहे. १९८२ मध्ये चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. जंगलपट्टीतील गावांत चूल, सरपण, काटेरी वाटा आणि तेंदूपाने वेचण्याचे काम ही रोजची बाब आहे. हातापायांना संवेदना नसल्यास भाजणे, काटा रुतणे लक्षात येत नाही. जखम चिघळते आणि बोटे हळूहळू झिजून आखूड होऊ लागतात. चट्टा दुखत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. बधिरता हेच या रोगाचे महत्त्वाचे लक्षण आहे. चेता कायमची निकामी होण्यापूर्वी बहुविध औषधोपचार सुरू झाल्यास विकृती टाळता येते. प्रारंभिक चट्ट्यातील चेतातंतूंकडे लक्ष वेधणाऱ्या खानोलकरांच्या संशोधनाचे व्यावहारिक मोल येथे दिसते.