दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे : बोर्डिंगपासून अर्थखात्यापर्यंत

दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील जैन समाज हा प्रामुख्याने शेतकऱ्यांचा समाज. बाहेरगावच्या माणसाला जैन म्हटले की पेढी, गादी आणि चोपड्या आठवतात; परंतु कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा आणि घटप्रभा यांच्या काठचा जैन नांगर धरणारा, ज्वारी, तंबाखू, ऊस पिकविणारा, गावची पाटीलकी सांभाळणारा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या समाजात जिनमंदिरे होती, व्रतवैकल्ये होती, शेतीवाडी होती. शाळा मात्र नव्हती. अशा समाजात, कुरुंदवाड या कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या लहानशा संस्थानी गावी, ९ डिसेंबर १८७८ रोजी अण्णा बाबाजी लठ्ठे यांचा जन्म झाला. पुढे हेच गृहस्थ कोल्हापूरचे दिवाण आणि मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्यांनी इंग्रजी विषयात एम.ए. केले आणि कायद्याची पदवीही मिळविली. त्या काळी या भागातील जैन समाजात मॅट्रिक झालेला तरुण हुडकावा लागे. एवढे शिकलेल्या माणसाला सरकारी नोकरीत सुखाने आयुष्य काढता आले असते. अण्णासाहेबांनी नोकरी केली, पण तिच्याआधी आणि तिच्याबरोबरीने समाजाचे काम अंगावर घेतले. निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्री १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली, तेव्हा ते वीस वर्षांचे होते. सभेच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांमध्ये त्यांचे नाव अग्रभागी आहे. १९०५ मध्ये त्यांनी इंग्रजीत जैन धर्माचा परिचय करून देणारे पुस्तक लिहिले.

सभेने पहिल्यापासून एक गोष्ट ओळखली होती. खेड्यातला मुलगा शिकायचा तर त्याला शहरात राहावे लागणार, आणि शहरात राहायचे तर जेवणाचे काय? सूर्यास्तापूर्वी भोजन, गाळलेले पाणी, कंदमुळांचा त्याग हे घरचे नियम पाळून खानावळीत राहणे अशक्य. मुलाचा धर्म बुडेल या धास्तीने आईबाप त्याला पाठवीतच नसत. फी भरण्याची ऐपत असलेली घरेही याच एका कारणाने मागे राहत. यावर उपाय म्हणजे समाजाचे स्वतःचे वसतिगृह. कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती नेमक्या याच वेळी जातीजातींची वसतिगृहे उभी करण्याच्या विचारात होते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच सुमारास दिगंबर जैन बोर्डिंगही उभे राहिले. राजर्षींचा आश्रय, मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद यांचे साहाय्य आणि अण्णासाहेबांसारख्यांचे श्रम, अशा तीन धाग्यांनी हे वस्त्र विणले गेले.

अण्णासाहेब राजाराम कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक होते, नंतर कोल्हापूर संस्थानचे शिक्षणाधिकारी झाले. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा निघाली, तीत भास्करराव जाधव अध्यक्ष आणि अण्णासाहेब उपाध्यक्ष होते. बोर्डिंगची देखरेखही त्यांच्याकडे होती, आणि याच बोर्डिंगमध्ये कुंभोजचा भाऊराव पाटील नावाचा एक दांडगा विद्यार्थी राहत होता.

१९०८ मध्ये राजर्षींनी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडले. भाऊराव त्या समारंभास गेला आणि परत येऊन स्नान न करताच पंक्तीला बसू लागला. बोर्डिंगच्या नियमाप्रमाणे त्याने स्नान करावे असे सांगण्यात आले. त्याने ऐकले नाही आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. या प्रसंगी बोर्डिंगची व्यवस्था चुकली, हे आज स्पष्ट म्हटले पाहिजे. जे आईबाप रात्रिभोजनाच्या भयाने मुलाला पाठवीत नव्हते त्यांना सांभाळण्यासाठी केलेला नियम होता, हे खरे. तथापि सत्यशोधक विचारांच्या माणसाच्या देखरेखीखालील घरात तो चालावा, हे शोभणारे नव्हते. अण्णासाहेबांचे चरित्र सांगताना हा प्रसंग गाळण्याची पद्धत आहे. तो गाळला तर त्याच्यापुढची गोष्ट समजत नाही.

पुढची गोष्ट १९१४ ची. कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील व्यक्तींच्या पुतळ्यांना कोणीतरी डांबर फासले. साम्राज्याच्या त्या दिवसांत हा केवढा गुन्हा ! संशयाची सुई फिरत फिरत अण्णासाहेबांकडे वळली. हितशत्रूंना संधी मिळाली आणि राजर्षींचे मनही कलुषित झाले. खटल्यासाठी साक्षीदार हवा होता. अण्णासाहेबांच्या निकटचा, बोर्डिंगमधून बाहेर काढला गेलेला भाऊराव याहून सोयीचा साक्षीदार कोण मिळणार? त्याला पकडले, धाक घातला, छळ केला. अण्णासाहेबांविरुद्ध खोटी साक्ष देण्यास तो अखेरपर्यंत तयार झाला नाही. आपणास ज्या घरातून काढले त्या घराच्या कर्त्यावर सूड उगविण्याची आयती संधी त्याने लाथाडली. हाच भाऊराव पुढे कर्मवीर झाला आणि १९१९ मध्ये त्याने रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहांत सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवली. कोल्हापूरच्या बोर्डिंगमध्ये जे घडले नाही ते तेथे घडले.

अण्णासाहेबांनी कोल्हापूर सोडले. छत्तिशीच्या आसपासचा माणूस, अधिकाराची जागा गेलेली, अंगावर आरोपाचा डाग. अशा स्थितीत त्यांनी बेळगावी वकिली सुरू केली. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १९५६ नंतर तो कर्नाटकात गेला. घरात कानडी आणि कचेरीत मराठी बोलणाऱ्या तिकडच्या जैन शेतकऱ्याला अण्णासाहेब परके नव्हते. येथूनच त्यांचे राजकारण उभे राहिले. वालचंद कोठारी यांच्यासमवेत त्यांनी डेक्कन रयत असोसिएशनचे कार्य केले, त्याच नावाचे इंग्रजी पत्र चालविले, आणि १९१९ च्या सुधारणांत ब्राह्मणेतर समाजांना प्रतिनिधित्व मिळावे म्हणून आग्रह धरला. नव्या मध्यवर्ती कायदेमंडळात ते १९२१ मध्ये दक्षिण विभागातून सभासद म्हणून गेले.

६ मे १९२२ रोजी राजर्षी निवर्तले. दोनच वर्षांनी, १९२४ मध्ये, त्यांचे विस्तृत इंग्रजी चरित्र दोन खंडांत प्रसिद्ध झाले. लेखक होते अण्णासाहेब लठ्ठे ! ज्या दरबारातून त्यांना जावे लागले त्याच दरबारच्या धन्याचे चरित्र, आणि तेही कागदपत्रांचा आधार घेऊन, आदराने लिहिलेले. शाहूचरित्राच्या अभ्यासकांना आजही या ग्रंथापासून सुरुवात करावी लागते. मनात कडवटपणा राहिला असता तर एवढी पाने लिहून होत नाहीत. त्यानंतर राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत कोल्हापूरने त्यांना परत बोलाविले, ते दिवाण म्हणून. डांबराचा डाग संस्थानाने आपल्याच हाताने पुसला.

१९३७ च्या निवडणुकीत अण्णासाहेब काँग्रेसतर्फे बेळगाव जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर निवडून आले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे अर्थखाते आले. मुन्शी, मोरारजी देसाई, डॉ. गिल्डर अशी मातब्बर माणसे या मंत्रिमंडळात होती आणि प्रत्येकाच्या योजनेला पैसा हवा होता. कुळांना संरक्षण, कर्जबाजारी शेतकऱ्याला दिलासा, प्राथमिक शिक्षण या सर्वांचा भार तिजोरीवरच. त्यात दारूबंदी. दारूवरील अबकारी हा प्रांताच्या उत्पन्नाचा फार मोठा आधार होता. तो तोडून टाकायचा आणि हिशेब जुळवायचा, असे हे काम होते. व्यापारी माणसाला याची अडचण सांगावी लागत नाही. चालती जमेची बाजू आपल्याच हाताने खोडून पुन्हा ताळेबंद मांडायचा!

अण्णासाहेबांनी तो मांडला. १९३९ च्या अंदाजपत्रकात शहरांतील स्थावर मालमत्तेवर कर बसविला गेला आणि त्याच वर्षी पेट्रोल व गिरणी कापड यांच्या विक्रीवर कर घेण्याचा कायदा झाला. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी अमलात आली. घरमालक नाराज झाले, कापडबाजार नाराज झाला. कापडावरचा कर गरिबाच्या धोतर-लुगड्यापर्यंत पोचतो, हा बाजाराचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. मात्र जुनी व्यवस्था काय होती, हेही पाहिले पाहिजे. गिरणी कामगाराच्या पगारातून, त्याच्या बायकापोरांच्या तोंडचा घास काढून प्रांताची तिजोरी भरत होती. तो बोजा उचलून माडीवाल्याच्या खांद्यावर ठेवावयाचा, हा त्या अंदाजपत्रकाचा हेतू होता. ज्याच्या धर्मात मद्यत्याग मूलगुणांत मोजला जातो त्याच्या हातून हे घडावे, याचे समाजाला विशेष समाधान वाटले असल्यास नवल नाही.

हा प्रयोग फार काळ चालला नाही. महायुद्ध सुरू झाले, नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि पुढे दारूबंदी शिथिल झाली. सर्वसाधारण विक्रीकर मुंबईत १९४६ मध्ये आला, तर संपूर्ण दारूबंदीचा कायदा १९४९ मध्ये झाला. तो अण्णासाहेबांनी पाहिला. १६ मे १९५० रोजी त्यांचे देहावसान झाले.

सांगलीत त्यांच्या नावाने लठ्ठे एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. कोल्हापुरात दसरा चौकाच्या परिसरात राजर्षींच्या काळातील वसतिगृहे आहेत. त्यांतच ते दिगंबर जैन बोर्डिंग आहे, जेथे विद्यार्थ्यांना सूर्यास्तापूर्वी जेवण मिळावे म्हणून एका तरुण एम.ए. ने कधीकाळी स्वयंपाकघराची घडी बसविली होती.