थॉमस जॅगर: लाव्हाच्या शेजारी राहायला गेलेला शास्त्रज्ञ

१९०२ मध्ये कॅरिबियनमधल्या माँ पेले ज्वालामुखीने सेंट पिएर शहर काही मिनिटांत संपवलं. सुमारे २८ हजार माणसं गेली. काही दिवसांनी तिथे पोचलेल्या अमेरिकन भूशास्त्रज्ञ थॉमस जॅगर यांना ते दृश्य विसरता आलं नाही. सगळं संपल्यावर जाऊन काय उपयोग? ज्वालामुखीशेजारीच राहायला हवं!

१९१२ मध्ये त्यांनी हवाईत किलाउएच्या काठावर वेधशाळा सुरू केली. किलाउए उपड्या ढालीसारखा पसरट. तिथला लाव्हा पातळ, त्यामुळे तो बहुधा मोठा स्फोट न होता वाहतो. म्हणजे जवळ जाऊन मोजता येतो.

१९३५ मध्ये शेजारच्या मौना लोआचा लाव्हा हिलो शहराकडे निघाला. जॅगर यांच्या सांगण्यावरून लष्कराच्या विमानांनी त्यावर चक्क बॉम्ब टाकले! आठवडाभरात प्रवाह थांबला. श्रेय बॉम्बचं, असं जॅगर मानत. बऱ्याच शास्त्रज्ञांना मात्र तो योगायोगच वाटतो.