परमवीरचक्राच्या निर्मात्या कै. सावित्रीबाई खानोलकर

रणांगणावर प्राण वेचणाऱ्या वीरांची चरित्रे आपण आदराने वाचतो व मुलांना सांगतो. परंतु ज्या पदकाने त्या वीरांचा गौरव होतो, ते कोणाच्या बुद्धीतून साकार झाले याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही कै. सावित्रीबाई खानोलकर यांचे चरित्र निवडले आहे. या निवडीमागे आमच्या घरची एक हकीकतही आहे. ती पुढे ओघाने येईलच.

सावित्रीबाईंचा जन्म २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे झाला. माहेरचे नाव इव्ह. वडील हंगेरीचे व आई रशियन. वडील जिनिव्हा येथे समाजशास्त्राचे प्राध्यापक असल्यामुळे घरचे वातावरण विद्येचे होते. १९२९ साली शामोनीच्या बर्फाळ डोंगरांत त्यांची विक्रम रामजी खानोलकर या मराठी तरुणाशी ओळख झाली. विक्रमराव त्या वेळी इंग्लंडात सँडहर्स्ट येथे सैनिकी शिक्षण घेत होते. मुलीने इतक्या दूर देशी जावे हे वडिलांना रुचले नाही. पण मुलगी निश्चयाची होती. ती हिंदुस्थानात आली, १९३२ साली लखनौ येथे विवाह झाला आणि इव्हची सावित्रीबाई झाली.

नाव बदलणे सोपे असते, पण सावित्रीबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी मराठी, हिंदी व संस्कृत या भाषा आत्मसात केल्या, मांसाहार सोडला, साडी स्वीकारली, वेदपुराणांचे वाचन केले आणि महाराष्ट्रातील संतांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. परगावची सून घरात आली की तिच्या बोलीवर वर्षभर हसणारे आपण लोक! सातासमुद्रांपलीकडून आलेल्या या स्नुषेने मात्र आपल्यापैकी अनेकांपेक्षा आपल्या पुराणांचा अर्थ अधिक जाणला. याची साक्ष पुढच्या प्रसंगाने पटते.

स्वातंत्र्य मिळाल्यावर इंग्रजी अमदानीतील शौर्यपदकांच्या जागी स्वदेशी पदके निर्माण करणे प्राप्त झाले. हे काम मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे आले आणि त्यांनी पदकांच्या रचनेसाठी सावित्रीबाईंचे साहाय्य घेतले. सर्वोच्च पदकासाठी कोणते चिन्ह घ्यावे? सावित्रीबाईंना दधीची ऋषींची कथा आठवली. वृत्रासुराचा वध करण्यासाठी वज्र हवे होते, आणि ते घडविण्यासाठी दधीचींनी आपल्या अस्थी दिल्या. स्वतःचे सर्वस्व देऊन इतरांचे रक्षण करणे, याहून सैनिकाच्या धर्माचे वर्णन दुसरे काय असू शकेल? परमवीरचक्राच्या वाटोळ्या पदकावर मधोमध राष्ट्राची सिंहमुद्रा व तिच्याभोवती इंद्राच्या वज्राच्या चार आकृती आहेत. मागील बाजूस हिंदी व इंग्रजी अक्षरांत पदकाचे नाव व कमलपुष्पे कोरलेली आहेत. फीत साधी, एकाच जांभळ्या रंगाची.

आता सुज्ञ वाचकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. महावीरचक्र व वीरचक्र ही पदके चांदीची आहेत. पण सर्वांत श्रेष्ठ असे परमवीरचक्र मात्र कांस्याचे आहे. सराफाच्या तराजूत त्याची किंमत नगण्य!

२६ जानेवारी १९५० रोजी ही पदके जाहीर झाली व १५ ऑगस्ट १९४७ पासून ती लागू धरण्यात आली. काश्मीरमध्ये बडगाम येथे ३ नोव्हेंबर १९४७ रोजी धारातीर्थी पडलेले मेजर सोमनाथ शर्मा हे पहिले मानकरी. योगायोग असा की, ते सावित्रीबाईंच्या कन्या कुमुदिनी यांचे दीर होत. हे पदक जिवंतपणी मिळविणारे पहिले वीर म्हणजे कारवारकडील रामा राघोबा राणे. त्यांनी एप्रिल १९४८ मध्ये शत्रूच्या माऱ्यात सुरुंग काढून रणगाड्यांना राजौरीची वाट मोकळी करून दिली. आजवर केवळ २१ वीरांना हा मान लाभला असून त्यांपैकी १४ जणांना तो मरणोत्तर मिळाला. आपल्या शेजारच्या कामठी येथे ज्या गार्ड्‌स पलटणीचे केंद्र आहे, तिचे लान्सनायक अल्बर्ट एक्का हे १९७१ च्या युद्धातील असेच एक मानकरी होत.

१९५२ साली विक्रमरावांचे निधन झाले. ऐन चाळिशीच्या आत आलेले वैधव्य सावित्रीबाईंनी धैर्याने सोसले. उत्तरायुष्यात त्यांचे मन रामकृष्ण मठाच्या सान्निध्यात रमले. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

आता आमच्या घरची हकीकत. आमच्या आजोबांचे वडील बंधू पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढून परत आले. त्यांना दोन पदके मिळाली होती, एक चांदीचे व एक कांस्याचे. पुढे नापिकीच्या एका वर्षी घरातील लग्नासाठी चांदीचे पदक वर्ध्याच्या बाजारात मोडीत गेले. कांस्याचे कोणी घेईना, म्हणून ते उरले. आम्ही मुले त्याच्याशी खेळत असू. आम्ही आयुष्यभर शाळेत इतिहास शिकविला, पण पेटीतल्या या इतिहासाकडे कधी पाहिले नाही. निवृत्तीनंतर एकदा ते पदक चिंच लावून घासले, तेव्हा त्याच्या काठावर बारीक इंग्रजी अक्षरे दिसली. क्रमांक, हुद्दा, मोठ्या आजोबांचे नाव व पलटण! आम्ही कितीतरी वेळ तसेच बसून राहिलो. विकल्या गेलेल्या चांदीवरही हेच नाव असणार, हे तेव्हा ध्यानी आले. सावित्रीबाईंनी सर्वोच्च पदक कांस्याचे का केले असावे, याचे उत्तर आम्हांस आमच्यापुरते त्या दिवशी मिळाले.

आज बाजारात सैनिकी पदकांच्या हुबेहूब नकला मिळतात. अस्सल पदक ओळखावयाचे तर काठावरील नाव पाहावे, फितीचा रंग व पदक यांचा मेळ पाहावा, अक्षरांचे कोरीवकाम पाहावे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सैनिकाचे सेवापुस्तक वा सनद त्याच्याशी ताडून पाहावी. नाव घासून काढलेले किंवा कागदांपासून तुटलेले पदक मुके होते. आम्हीही चिंच लावून घासण्याची चूक केली. अक्षरे वाचली हे दैव. तसे कोणी करू नये. मऊ कोरड्या फडक्याने पुसावे, एवढे पुरे.

आपल्या समाजातील कित्येक घरांत अशी पदके पेटीच्या तळाशी पडून असतील. समाजबांधवांस व भगिनींस आमची विनंती आहे की, त्यांनी ती बाहेर काढावीत, काठावरील नाव मुलांकडून वाचवून घ्यावे, कागद सोबत जपावेत आणि त्याची नोंद मंडळाकडे द्यावी. पुढील स्मरणिकेत ती नावे छापून यावीत, ही आमची इच्छा आहे. परदेशात जन्मलेल्या एका स्त्रीने आपल्या वीरांसाठी दधीचींचे स्मरण ठेवले; आपण निदान आपल्या आजोबांचे ठेवू या.